नियम, अर्थ आणि एक उतावळा निष्कर्ष

'शब्दांना मुळात अर्थच नसतो, हे विटगेन्स्टाइन आणि क्रिपकी यांनी सिद्ध केले आहे. बहुसंख्य ठरवतील तोच अर्थ' हे विधान अनेक जण खात्रीने पुढे पाठवतात. ते या दोन्ही तत्त्वज्ञांवर अन्याय करणारे आहे.

विटगेन्स्टाइन यांच्या निधनानंतर १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' या ग्रंथाच्या २०१व्या परिच्छेदात असा पेच आहे, की कोणतीही कृती नियमाशी जुळवून दाखवता येत असेल, तर नियम कोणतीच कृती ठरवू शकत नाही. उद्धृत करणारे येथेच थांबतात. त्याच परिच्छेदात पुढे याला गैरसमज म्हटले आहे आणि नियम उमगण्याची एक रीत अर्थ लावण्यात नसून प्रत्यक्ष नियम पाळण्यात व मोडण्यात दिसते, असे सांगितले आहे.

याच पेचावर आधारलेला सॉल क्रिपकी यांचा १९८२चा युक्तिवाद अधिक बारकाईने पाहावा लागतो. समजा, मी आजवर ५७पेक्षा लहान संख्यांचीच बेरीज केली आहे आणि आता ६८ अधिक ५७ बरोबर १२५ असे लिहितो. संशयवादी विचारतो: 'अधिक' म्हणताना तुम्हाला 'क्वस' अभिप्रेत नव्हते कशावरून? दोन्ही संख्या ५७पेक्षा लहान असतील तर क्वसचे उत्तर बेरजेइतकेच येते, एरवी ते ५ असते. म्हणजे माझी जुनी सगळी उत्तरे दोन्हींत बसतात. सवयीकडे बोट दाखवून भागत नाही, कारण सवयीत चुकाही असतात आणि मी काय लिहीन यावरून काय लिहायला हवे हे निघत नाही. हा पेच खरा आहे, मला तो अजूनही अस्वस्थ करतो. पण त्याने डळमळते ती एवढीच कल्पना, की एकट्याच्या मनातली एखादी वस्तुस्थिती अर्थ ठरवून टाकते. सगळी भाषा निरर्थक आहे, हा निष्कर्ष तर क्रिपकी स्वतःच आत्मघातकी ठरवतात. तो मांडायलाही अर्थपूर्ण वाक्येच लागतात.

राहिला बहुमताचा मुद्दा. एखाद्याला बेरीज समजली, असे म्हणण्यासाठी त्याची उत्तरे इतरांशी जुळणे क्रिपकी महत्त्वाचे मानतात. पण बहुतेक जण १२५ सांगतात म्हणून ते बरोबर, हे ते स्पष्ट नाकारतात. सगळ्या वर्गाने ११५ लिहिले, तरी शिक्षक मते मोजत नाहीत. आठ आणि सात पंधरा झाल्यावर हातचा एक जेथे राहून गेला, त्या जागी ते बोट ठेवतात.