रफूगर नावाचा चतुर

मागच्या आठवड्यात दहावीतल्या भाचीला घेऊन ताम्हिणीकडच्या एका ओढ्यावर गेले होते. पाण्यावरून एक भलामोठा चतुर, म्हणजे ड्रॅगनफ्लाय, सारखा ये-जा करत होता. फोटो मिळाला, घरी येऊन तिने पुस्तकात नाव शोधलं. ‘ब्लू डार्नर’. लगेच प्रश्न आला, "मावशी, डार्नर म्हणजे काय गं?"

मी म्हटलं, "रफूगर."

"म्हणजे?"

तिला डार्नर माहीत नव्हता, तसा रफूगरही माहीत नव्हता. दिवसभर ते मनातून जाईना, म्हणून हे लिहितेय.

डार्नर म्हणजे फाटलेल्या कापडात सुईने धागे विणून भोक बुजवणारा माणूस. इंग्रजांच्या घरात लोकरीचे मोजे टाचेला झिजायचे, ते असे रफू व्हायचे. तिकडेही आता ते फारसं कोणी करत नाही. पण अमेरिकेत लांब सडपातळ चतुरांना जुन्या काळी ‘सैतानाची रफूची सुई’ म्हणायचे. खोटं बोललास तर ती येऊन तोंड शिवून टाकेल, अशी मुलांना भीती घालायचे. त्यातूनच या चतुरांच्या एका अख्ख्या कुळाला डार्नर हे नाव पडलं. तिथला हिरवा डार्नर तर 1997 साली वॉशिंग्टन राज्याचा राज्यकीटक झाला, तोही शाळकरी मुलांनी मागणी लावून धरली म्हणून. त्या मुलांपैकी कितीजणांच्या घरी रफूची सुई असेल? धंदा गेला, शब्द मात्र पंख लावून उडतोय.

नाव शोभतंही. चतुरांच्या बऱ्याच जातींची मादी शेपटीचं टोक पाण्याला टेकवत अंडी सोडते. डार्नर कुळातल्या मादीच्या शेपटीशी मात्र टोकदार अवयव असतो. पाणवनस्पतीच्या देठात तो खुपसून ती अंडी आत ठेवते, थोडं सरकते, पुन्हा खुपसते. अगदी टाके घातल्यासारखं.

आता आपल्याकडचं बघा. आपल्या भाषेने पाखरांना कारागिरांची नावं किती मायेने दिली आहेत! पानं शिवून घरटं करतो तो शिंपी. टुक-टुक असा ठोका धरतो तो तांबट. खोडावर चोच आपटतो तो सुतार. शेपटी वरखाली आपटत पाण्याकाठी फिरतो तो धोबी. भक्ष्य काट्याला टोचून ठेवतो तो खाटीक. जाळं टाकणारा कोळी तर माणूसही आणि किडाही. चतुराचा नाजूक भाऊबंद, बसताना पंख मिटून घेणारा, त्याला आपण टाचणी म्हणतो. शिवणाच्या डब्यातली टाचणी आपण पाण्याकाठी नेली, रफूगर तेवढा राहून गेला.

आणि रफूगर राहून जावा असा माणूस नाही हो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आईच्या रेशमी साडीवर फुलबाजीची ठिणगी पडली, मसुराएवढं भोक. दोन दुकानांत सांगितलं, "आता काही होणार नाही, नवीन घ्या." शेवटी पुण्यात पेठेतल्या एका बोळात जिन्याखाली बसणारे चाचा सापडले. त्यांनी साडी उलटी केली, आतल्या दुमडीतून चार-पाच धागे अलगद ओढून काढले. म्हणाले, "ताई, धागा ह्याच कपड्याचा लागतो. बाहेरचा दोरा कितीबी मॅच करा, उन्हात कळतोच." मग एक उभा, एक आडवा, वर-खाली, वर-खाली. दीड तास मान वर केली नाही. आज ती जागा आईलाही सापडत नाही. शिंपी कापडाला आकार देतो, त्याचं काम दिसतं. रफूगराचं काम दिसलं की ते फसलं. ज्याचं काम दिसू नये अशी अट आहे, त्याचं नाव तरी आपण जपायला नको का?

काश्मिरातल्या कानी, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, शालींचे तुकडे जोड कळू न देता जोडायचे रफूगरच. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादमध्ये पिढ्यान् पिढ्या हेच करणारी घरं आहेत. शब्द फारसीतून आला, पण आपल्याकडे इतका मुरला की आजी कपाट आवरताना सहज म्हणायची, "टाकू नको, रफूला दे." आता तो बहुतेकांच्या तोंडी येतो तो ‘रफूचक्कर’मध्ये.

माझं म्हणणं एवढंच आहे की डार्नर चतुरांना मराठीत सरळ रफूगर म्हणावं. ‘ब्लू मॉर्मन’ 2015 साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं, त्याचं ‘नीलवंत’ हे नाव पुढे आपण आनंदाने स्वीकारलंच ना? इथे तर नवा शब्द घडवायचीही गरज नाही, तयार आहे. जे मित्र कीटकांवर लिहितात, मुलांना ओढ्याकाठी घेऊन जातात, त्यांना मनापासून विनंती आहे. एकदा म्हणून बघा. मुलं विचारतील "रफूगर म्हणजे?", आणि मग तुम्हाला सुई, धागा, जिन्याखालचे चाचा, सगळं सांगावं लागेल.

भाचीने वहीत त्या फोटोखाली ‘निळा रफूगर, ताम्हिणी’ असं लिहिलंय. तिच्या शाळेच्या स्वेटरला कोपराशी भोक पडलंय, ते घेऊन रविवारी आम्ही दोघी त्या बोळात जाणार आहोत. चाचा चारनंतर भेटतात.