विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून संगणक फॉरमॅटला देऊ नका

गेले काही महिने व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश अखेर माझ्या मामांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी संगणक फॉरमॅट करायला द्यायचे ठरवले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मामांच्या गृहनिर्माण संस्थेचे अनेक वर्षांचे हिशेब, सभांची इतिवृत्ते आणि घरातले सगळे फोटो त्या एकाच संगणकावर आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही ठेवलेली नव्हती. संदेशाचे म्हणणे असे आहे की विंडोज १० कायमचे बंद झाले आहे, त्यावर चालणारे संगणक लवकरच आपोआप बंद पडतील आणि त्यांतील फाइली पुसल्या जातील, त्यांवरून बँकेचे व्यवहार होणार नाहीत, जुन्या संगणकावर विंडोज ११ चालतच नाही आणि त्यासाठी लागणारी ‘टीपीएम’ चिप तुमच्या फाइली वाचण्यासाठी बसवलेली असते. शेवटी एक मोबाइल क्रमांक देऊन आजच संगणक फॉरमॅट करून घ्या, आम्ही थोड्या पैशांत ‘लाइफटाइम’ विंडोज ११ टाकून देऊ, असे आश्वासन दिले आहे.

या सगळ्यात खरे आहे ते एवढेच की २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. सपोर्ट थांबणे म्हणजे काय, हे कंपनीनेच आपल्या सपोर्टच्या पानावर स्पष्ट लिहिले आहे: संगणक पूर्वीसारखाच चालू राहील, मात्र नवी वैशिष्ट्ये, तांत्रिक साहाय्य आणि नेहमीची सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत. संगणक बंद पडेल किंवा फाइली पुसल्या जातील, असे त्या पानावर कोठेही म्हटलेले नाही, आणि तसे घडवणारी कोणतीही यंत्रणा विंडोजमध्ये नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी त्यानंतरही ते संगणक दुकानांत आणि कचेऱ्यांत चालूच राहिले. ते सुरक्षित होते असे मी म्हणत नाही, पण त्यांतल्या फाइली कोणी पुसल्या नाहीत.

फाइली खरोखर पुसल्या जातात त्या हा संदेश सुचवतो त्या उपायाने, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे. अपग्रेड आणि फॉरमॅट या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटमधून विंडोज ११ घेतले, तर तुमच्या फाइली आणि बहुतेक सगळी सॉफ्टवेअर जागच्या जागी राहतात, जुनी प्रणाली काही दिवस वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवली जाते, आणि नवी पसंत पडली नाही तर १० दिवसांच्या आत परत जाता येते. फॉरमॅटमध्ये मात्र ड्राइव्ह कोरा केला जातो. डी ड्राइव्हला हात लावणार नाही, असे दुकानदाराने सांगितले तरी निर्धास्त राहू नये, कारण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स ही फोल्डरे, म्हणजे ज्यांत आपण बहुतेक सगळे ठेवतो ती, मुळात सी ड्राइव्हवरच असतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची माहितीही अनेकदा तेथेच साठवलेली असते. आपण काय गमावले हे कळेपर्यंत त्याच जागेवर नवी प्रणाली लिहिली गेलेली असते.

दुसरे असे की, पात्र संगणकावर विंडोज १० ची अस्सल प्रत असेल तर विंडोज ११ मोफत मिळते आणि जुना परवाना त्यालाही लागू होतो. त्यामुळे ‘लाइफटाइम’ प्रतीसाठी पैसे देण्याचे मुळातच काही कारण नाही. अशा स्वस्त प्रती बहुधा ‘ॲक्टिव्हेटर’ नावाच्या चोरट्या प्रोग्रॅमने चालू केल्या जातात, आणि तो चालवण्याआधी विंडोजमधला अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते. कोणी लिहिला हे ठाऊक नसलेल्या प्रोग्रॅमला संगणकाचे सर्व अधिकार द्यायचे आणि त्याच संगणकावरून नेट बँकिंग करायचे, हा धोका सपोर्ट संपलेल्या विंडोजपेक्षा कितीतरी मोठा आहे. ‘घरबसल्या करून देतो’ असे सांगून कोणी दुरून संगणक हाताळण्याचे ॲप घ्यायला लावत असेल, तर तेथेच बोलणे थांबवावे, आणि पैसे गेले असतील तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

फॉरमॅटची गरज कधीच पडत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये मिळते, त्यामुळे संगणकावर जुन्या पद्धतीचे ३२ बिटचे विंडोज १० असेल तर थेट अपग्रेड होत नाही आणि नव्याने इन्स्टॉल करावे लागते. छापखान्यांतल्या आणि डीटीपीच्या संगणकांवर हार्डवेअर लॉकवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या किल्लीवजा उपकरणावर, चालणारी जुनी सॉफ्टवेअर आणि जुने प्रिंटर असतात, त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे ती उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम, नव्या प्रणालीवर चालतात का, हे उत्पादकाला आधी विचारलेच पाहिजे. पण या दोन्ही प्रसंगी पहिले काम बाहेरील हार्ड डिस्कवर प्रत घेणे आणि ती उघडून पाहणे हे आहे, आणि त्याविषयी त्या संदेशात एक अक्षरही नाही.

बँकेच्या व्यवहारांचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. ते व्यवहार ब्राउझरमधून होतात, आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या एज ब्राउझरची अपडेट विंडोज १० वर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे जाहीर केले आहे. टीपीएमविषयीचा दावा तर उलटाच आहे, कारण ती चिप ड्राइव्ह कुलूपबंद करणाऱ्या किल्ल्या सुरक्षित ठेवते आणि फाइली वाचणे हे तिचे कामच नाही.

जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही, हे अर्धसत्य आहे. टीपीएम २.०, सिक्युअर बूटची (संगणक सुरू होताना केवळ विश्वासार्ह प्रोग्रॅमच चालू देणारी) सोय, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा एएमडी रायझन २००० मालिकेचा अथवा त्यानंतरचा असावा लागतो. ही अट अनेक धडधाकट संगणकांना बाहेर ठेवते आणि त्याबद्दल कंपनीला बोल लावणे रास्तच आहे. पण पुष्कळ संगणकांत टीपीएम असूनही बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेले असते, इंटेलमध्ये ‘पीटीटी’ आणि एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’ या नावाने ते सापडते, आणि चालू केले की संगणक पात्र ठरू शकतो. मायक्रोसॉफ्टचे मोफत ‘पीसी हेल्थ चेक’ ॲप नेमके काय कमी आहे ते सांगते. ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजमधल्याच सोयीने कुलूपबंद असेल तर बायोसला हात लावण्याआधी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, लिहून ठेवावी.

या संदेशाला उत्तर म्हणून काही जण ‘अँटिव्हायरस असला की पुरे, काहीच करू नका’ असे लिहितात, तेही मला मान्य नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांसह जगभरातले संगणक ओलीस धरले, तेव्हा विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मार्च महिन्यातच आलेले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते ते सापडले, आणि २०१४ मध्ये सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठी तर हल्ल्यानंतर कंपनीला तातडीचे अपडेट काढावे लागले. अँटिव्हायरस घातक प्रोग्रॅम ओळखतो, पण प्रणालीतले भोक बुजवत नाही.

ज्यांचा संगणक पात्र ठरत नाही त्यांच्यासाठी ईएसयू ही वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असलेल्या घरगुती संगणकांना तिच्यातून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. संगणकाच्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक केल्या तर ती मोफत आहे, नाही तर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड (बक्षीस) पॉइंट किंवा ३० डॉलर द्यावे लागतात, आणि एका खात्यावर १० संगणकांपर्यंत नोंदणी चालते. नोंदणीचा दुवा सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावरच दिसतो, त्यासाठी कोणत्याही क्रमांकावर फोन करावा लागत नाही. ही मुदत संपेपर्यंत नोंदणी करता येते, मात्र ती होईपर्यंत संगणक नव्या अपडेटविना राहतो, त्यामुळे ती लांबणीवर टाकू नये. ज्यांना केवळ ब्राउझर, ईमेल आणि युनिकोड मराठीत टंकलेखन एवढेच काम आहे, त्यांनी विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावी, कारण ड्राइव्हवर काहीही इन्स्टॉल न करता आपला प्रिंटर आणि वायफाय तिच्यावर चालतात की नाही, हे आधीच तपासता येते.