कंदाचे मलम आणि ताईची सोडलेली कॅप्सूल

गेल्या पंधरवड्यात ताईकडे राहायला गेले होते. रात्री झोपताना तिने नेहमीची कॅप्सूल घेतली नाही. त्याऐवजी एका गुलाबी ट्यूबमधून वाटाण्याएवढे मलम काढून मनगटाच्या आतल्या बाजूला चोळले आणि मी विचारल्यावर भिशीच्या गटात फिरणारा संदेश माझ्यासमोर धरला. संदेशाचा मथितार्थ असा: पाळी गेल्यानंतर डॉक्टर देतात ती कृत्रिम हॉर्मोन म्हणजे कॅन्सरला आमंत्रण, जंगली रताळ्यातले नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन त्वचेतून शरीरात जाते, अंगातून निघणाऱ्या वाफा थांबवते, ठिसूळ हाडे भरून काढते आणि त्याला दुष्परिणाम नाहीत, तेव्हा गोळ्या सोडा, मलम लावा. कनिष्ठ महाविद्यालयात वीस वर्षे रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाने हे वाचून गप्प बसणे कठीण आहे, आणि ट्यूब सख्ख्या बहिणीच्या हातात असेल तर अशक्यच.

रताळ्यापासूनच सुरुवात करू, कारण चूक तिथूनच सुरू होते. संदेशात ज्याला जंगली रताळे म्हटले आहे त्याचा रताळ्याशी काही संबंध नाही. तो डायोस्कोरिया कुळातला कंद आहे, म्हणजे आपल्याकडच्या कोनफळाचा आणि कोकणातल्या करांद्याचा भाऊबंद. या कुळातल्या काही कंदांत डायोसजेनिन नावाचे संयुग असते आणि त्यापासून प्रोजेस्टेरॉन तयार करता येते, हे मात्र खरे आहे. अर्धे सत्य आहे ते इथेच. रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ भागातून असे कंद मिळवले, त्यांतल्या डायोसजेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनवले, आणि १९४४ मध्ये मेक्सिको सिटीत सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली. पण त्याने ते कसे बनवले, हे संदेश लिहिणाऱ्याने पाहिलेले नाही. डायोसजेनिन अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइडबरोबर बंद भांड्यात सुमारे २०० अंश सेल्सिअसला तापवायचे, मग क्रोमिक आम्लाने त्याचे ऑक्सिडीकरण करायचे आणि त्यानंतरही आणखी काही पायऱ्या चढायच्या, तेव्हा कुठे प्रोजेस्टेरॉन हाती येते. ताईच्या मनगटावर यांतले काहीही घडत नाही, कारण हे रूपांतर करणारे एन्झाइम माणसाच्या शरीरात नाही.

यावर कुणी म्हणेल की शरीराचे गूढ प्रयोगशाळेला काय कळणार. मग प्रयोगशाळा बाजूला ठेवू आणि स्वयंपाकघरात येऊ. डायोसजेनिन मेथीच्या दाण्यांतही असते. बाळंतिणीला आपण मेथीचे लाडू देतो ते दूध चांगले यावे म्हणून. आणि बाळंतपणानंतर दूध उतरते ते वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉनची पातळी एकदम खाली येते म्हणून. पोटात गेलेल्या डायोसजेनिनचे प्रोजेस्टेरॉन होत असते, तर मेथीच्या लाडवांनी दूध उतरायला अडथळाच आला असता आणि आपल्या आज्यांनी ते लाडू केव्हाच बंद केले असते. ताईच्या ट्यूबवरचा बारीक मजकूर मी चष्मा लावून वाचला. त्यात कंदाचा अर्क, कोरफड आणि सुवासिक तेल एवढेच घटक होते. प्रोजेस्टेरॉन हा शब्द फक्त जाहिरातीत होता. अशा कंदाच्या मलमाची चाचणी ऑस्ट्रेलियात झालेली आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २३ स्त्रियांनी तीन महिने खरे आणि तीन महिने नकली मलम वापरले, कोणते केव्हा हे त्यांना किंवा तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते, आणि वाफा, घाम किंवा रक्तातली हॉर्मोन यांत दोन्ही मलमांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

काही मलमांत कारखान्यात बनवलेले खरे प्रोजेस्टेरॉन घातलेले असते, त्यांचा हिशेब वेगळा. १९९९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात रोज २० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन त्वचेवर लावणाऱ्या, वाफांचा त्रास असलेल्या स्त्रियांपैकी ८३ टक्के स्त्रियांना आराम पडला, तर नकली मलम लावणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना. हे मी नाइलाजाने का होईना, मान्य करते. पण त्याच अभ्यासात वर्षभरानंतर हाडांच्या घनतेत दोन्ही गटांत फरक नव्हता, म्हणजे हाडे भरून काढण्याचा दावा तिथेच निकालात निघाला. आणि २००३ मध्ये सिडनीत ८० स्त्रियांवर रोज ३२ मिलिग्रॅमने केलेल्या चाचणीत वाफांवरही परिणाम दिसला नाही. सोयाबीनबद्दलही संदेशात एक ओळ आहे. त्यातल्या जेनिस्टीन या घटकाच्या तीव्र मात्रेने वाफांची संख्या थोडी कमी होते, असे २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अहवालात, नमूद आहे. तेवढ्यावर कुणी सोयाबीनची उसळ खात असेल तर खुशाल खावी.

आता कॅन्सरची भीती. ती हवेतून आलेली नाही. २००२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतली १६,००० हून अधिक स्त्रियांवरची चाचणी मध्येच थांबवली गेली, कारण हॉर्मोनची गोळी घेणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण वाढलेले दिसले: वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे ३० ऐवजी ३८. पण त्या गोळीतले इस्ट्रोजेन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्या जोडीचे दुसरे स्त्री-हॉर्मोन, गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेले होते. त्याहून नैसर्गिक मूळ कुणाला हवे असेल तर मी हात जोडते. त्या गोळीतला दुसरा घटक मात्र शरीरातल्या प्रोजेस्टेरॉनची हुबेहूब प्रत नव्हता, आणि फ्रान्समधल्या एका मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासात, शरीरातल्यासारखेच प्रोजेस्टेरॉन इस्ट्रोजेनच्या जोडीला घेणाऱ्या स्त्रियांमध्ये तसा वाढीव धोका आढळला नाही. म्हणजे संदेशाला ज्या प्रोजेस्टेरॉनचा एवढा पुळका आहे, ते डॉक्टरांनी ताईला आधीच दिलेले होते. तेच तिने सोडलेल्या कॅप्सूलमध्ये होते.

माझा खरा संताप आहे तो इथे. ताईला दोन औषधे होती: सकाळी दंडाला लावायचे इस्ट्रोजेनचे जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. संदेशात गोळ्या सोडायला सांगितले होते, म्हणून तिने कॅप्सूल सोडली, जेल मात्र चालू ठेवले, कारण तिच्या शब्दांत, "ते तर मलमच आहे." जिचे गर्भाशय शाबूत आहे अशा स्त्रीने एकटे इस्ट्रोजेन घेतले तर गर्भाशयाचे अस्तर वाढतच राहते, आणि प्रोजेस्टेरॉन दिले जाते ते त्याला लगाम घालण्यासाठी. ही काही पुस्तकी शंका नाही. अमेरिकेतल्या पेपी या चाचणीत तीन वर्षे नुसते इस्ट्रोजेन घेतलेल्या ११९ स्त्रियांपैकी सुमारे ६२ टक्के स्त्रियांचे अस्तर अनिष्ट रीतीने वाढले, आणि त्यांतल्या काहींमधली वाढ पुढे कॅन्सरकडे जाऊ शकेल अशा प्रकारची होती. औषध न घेतलेल्यांत हे प्रमाण जेमतेम २ टक्के होते, आणि इस्ट्रोजेनसोबत महिन्यातले बारा दिवस प्रोजेस्टेरॉनची २०० मिलिग्रॅमची मात्रा तोंडावाटे घेणाऱ्यांचे अस्तर औषध न घेतलेल्यांइतकेच सुरक्षित राहिले. ते काम मलम का करत नाही, असे ताईने विचारले, आणि प्रश्न रास्त होता, कारण जेल त्वचेतून जाते तर मलम का जाऊ नये? उत्तर मात्रेत आहे. रक्तातले इस्ट्राडायॉल, म्हणजे शरीरातले मुख्य इस्ट्रोजेन, पिकोग्रॅममध्ये मोजतात आणि प्रोजेस्टेरॉन नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या एककात. पहिल्याची चिमूट त्वचेतून पुरेशी पोचते, दुसऱ्याची पुरेशी पोचत नाही. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात इस्ट्रोजेनसोबत खऱ्या प्रोजेस्टेरॉनचे मलम देऊन पाहिले, तेव्हा अस्तरात अपेक्षित बदल घडलाच नाही. ताईच्या ट्यूबमध्ये तर तेही नव्हते. कॅन्सरला घाबरून तिने कॅन्सरपासून राखणारे औषध टाकले होते आणि वाढवणारे चालू ठेवले होते.

दुष्परिणाम नाहीत, हा शेवटचा दावा. ज्याचा परिणामच नाही त्याला दुष्परिणाम कुठून असणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या डॉक्टरांना फोन केला. कॅप्सूल बंद होऊन सव्वा महिना झाला होता. त्यांनी सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहिली, ती ठीक निघाली, आणि मध्ये कधी डाग किंवा रक्तस्राव दिसल्यास त्याच दिवशी कळवायला सांगितले. सकाळी डोके जड वाटते म्हणून ताईला कॅप्सूल नकोशी झाली होती, हे तिने तिथे पहिल्यांदा बोलून दाखवले. रात्री दहाऐवजी नऊला घेऊन पाहा, एवढाच बदल त्यांनी सुचवला. मी हे सगळे भिशीच्या गटातही लिहिले, त्याला दोन अंगठे आणि एक गुलाबाचे फूल आले. ट्यूब साडेसातशे रुपयांची असल्याने ताईने ती फेकली नाही. टाचांच्या भेगांना लावते आहे.