वीतभर डावीकडे

"अहो, ते लोखंडी कपाट जरा डावीकडे घेता का? वीतभरच."

चमचा मागावा इतक्या सहज सुरात हे आलं. मी खांदा लावला. कपाट ढिम्म. जोर वाढवला, तरी ढिम्म.

मुलगी नववीत. परीक्षा जवळ आल्यापासून घरात काहीही घडो, ती त्याला धड्यातलं नाव देते. "बाबा, हे स्थितिक घर्षण. तुम्ही जेवढं ढकलाल तेवढंच ते उलट ढकलणार. कमी नाही, जास्त नाही."

इतका चोख हिशेब ठेवणारा शत्रू मी पाहिला नव्हता. शंभर न्यूटन (जोर मोजायचं एकक) लावा, शंभर परत. दोनशे लावा, दोनशे परत. याला एक कमाल मर्यादा असते आणि ती ओलांडली की वस्तू हलते म्हणे. मुलीने कागदावर ती काढून दिली. कपाट ८० किलोचं धरलं तर वजन सुमारे ७८४ न्यूटन. फरशीही त्याला तेवढ्याच बलाने वर रेटते, ते अभिलंब बल. (फरशी दिवसभर काही काम करत असेल अशी मला शंकाही नव्हती.) घर्षण गुणांक, म्हणजे कमाल घर्षण अभिलंब बलाच्या किती पट, तो ०.५ मानला, तर ३९२ न्यूटनच्या वर जोर हवा.

"म्हणजे साधारण ४० किलो उचलायला लागतो तेवढा," ती म्हणाली. मग माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि गुणांक ०.४ करून पाहिला.

एवढ्यात शेजारचे काका आले. कुठेही ओझं हलत असलं की त्यांना सूचना फुटतात. "अरुंद बाजूवर घ्या, जमिनीला कमी टेकेल, आपोआप सरकेल!" घर्षण टेकलेल्या भागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे गीयोम आमोंतों या फ्रेंच गृहस्थाने १६९९ साली मांडलं. काकांपर्यंत ते अजून पोचायचंय. मग म्हणाले, दोरी बांधा. दोरीतल्या ताणाने फक्त ओढता येतं, ढकलायला गेलात तर ती मान टाकते. शिवाय कपाटाला बांधायची कुठे? मुठीला बांधली असती तर नुसती मूठच माझ्याकडे आली असती.

मी पुन्हा जीव खाऊन रेटलं. हललो, पण मी! मी कपाटाला ढकलतो तेवढ्याच बलाने कपाट मला ढकलतं, हे न्यूटनने १६८७ सालीच छापून ठेवलंय. ज्याच्या पायाखालचं घर्षण आधी हरेल, तो सरकेल. माझ्या पायांत मोजे होते.

"आधी रिकामं तरी करा," बायको म्हणाली. कपड्यांचे ढीग पलंगावर गेले, एकेक कोपरा उचलून खाली जुनी चादर सारली. वजन घटलं तसं अभिलंब बल घटलं, घर्षणही घटलं. मी रेटलं आणि कपाट एकदम निघालं. चालत्या वस्तूला लागतं ते गतिक घर्षण, आणि ते स्थितिकापेक्षा कमी. हातातला जोर मात्र तोच, त्यामुळे वीतभर सोडून कपाट हातभर गेलं. मग परत उजवीकडे.

मुलीने हिशेबाचा कागद चुंबकाने कपाटाच्या दारावर लावला. इतका वेळ मी ज्या गुरुत्वाकर्षणाच्या नावाने बोटं मोडत होतो, ते निसर्गातल्या चार मूलभूत बलांत सगळ्यात दुबळं आहे! अख्खी पृथ्वी खाली ओढतेय आणि नखाएवढा चुंबक दाद देत नाही. तो कागदाला दारावर दाबून धरतो, त्या दाबामुळे घर्षण, आणि घर्षणामुळे कागद जागचा हलत नाही. इथे मात्र सगळ्यांना घर्षणाचं कौतुक.

बायकोने त्याच चुंबकाखाली आणखी एक कागद सारला. त्यावर लिहिलं होतं: सोफा, फ्रिज, पलंग.