चित्र संतेला जाताय? मग गॅलरीतली चित्रं घरीच ठेवा

जानेवारी आला की आपल्याकडचे बरेच चित्रकार बेंगळुरूची तिकिटं काढतात. कर्नाटक चित्रकला परिषदेची चित्र संते म्हणजे एका रविवारचा बाजार. वीसहून जास्त वर्षं भरतोय. कुमारकृपा रस्ता वाहनांना बंद असतो, प्रवेश फुकट आणि गर्दी तुफान. तरी संध्याकाळी बरेच जण आणलेला माल तसाच परत बांधतात आणि "लोकांना कलेतलं कळत नाही" म्हणतात. मला हे पटत नाही. लोकांना कळतं. चार फुटी कॅनव्हास काखेत मारून मेट्रोत चढता येत नाही, एवढं तर नक्कीच कळतं.

रस्त्यावर चित्र विकायचं तर आधी माप ठरवा. क्वार्टर शीट, म्हणजे ११ × १५ इंच, आणि त्याहून लहान काम सगळ्यात जास्त हवं. हाफ शीट, म्हणजे त्याच्या दुप्पट, थोडी. मोठं चित्र एकच, तेही लांबून पाय थांबावेत म्हणून. हिशेब साधा आहे. समजा जाणं-येणं, राहणं, स्टॉल, पॅकिंग मिळून ९,००० रुपये गेले. १,५०० च्या चित्रामागे कागद आणि माउंटचे (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचे) २५० वजा केले तर आठ चित्रं गेल्यावर खर्च निघतो, वर हजारच उरतात, पूर्ण कमाई नवव्यापासून. अशी आठच चित्रं घेऊन जाणाऱ्याने सहल म्हणून जावं.

काचेची फ्रेम नेऊ नका. २ मिमी काच चौरस मीटरला ५ किलो भरते, तेवढ्याच जाडीची, पारदर्शक प्लास्टिकची अ‍ॅक्रिलिक शीट त्याच्या निम्म्याहून कमी. त्यात प्रवासात एक काच फुटली की तिचे तुकडे शेजारच्या चार चित्रांवर ओरखडे काढतात. जलरंगाला माउंट, मागे कडक बोर्ड आणि वर पारदर्शक पिशवी पुरते. फक्त पिशवी चारही बाजूंनी चिकटवू नका. कागदात ओल असतेच, उन्हात ती वाफ होऊन आतून धुकं धरते. वरची घडी उघडी ठेवा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पॅकिंगमध्ये. अ‍ॅक्रिलिक रंग वाळला तरी उष्णतेने मऊ पडतो. त्यावर थेट बबल रॅप गुंडाळला आणि गठ्ठा तापला की फुगे जसेच्या तसे चित्रावर उमटतात आणि ते निघत नाहीत. मध्ये सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर घाला आणि बबल रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला ठेवा. तैलचित्र पंधरा दिवसांत बोटाला लागेनासं झालं म्हणजे आतून वाळलं, असं नाही. ते गुंडाळूच नका. नीट वाळलेला कॅनव्हास गुंडाळायचाच असेल, तर रंगाची बाजू बाहेर ठेवून किमान सहा इंची नळीवर. बहुतेक जण रंग सुरक्षित राहावा म्हणून आत ठेवतात, तिथेच थर दाबला जाऊन सुरकुततो.

मांडणीत खरा शत्रू वारा. एका खिळ्यावर टांगलेलं चित्र फिरतं, आपटतं, कोपरा जातो. दोन्ही बाजूंना कडी लावा आणि खालचा भाग केबल टायने (प्लास्टिकच्या पट्टीने) स्टॉलच्या जाळीला बांधा. स्टँड स्वतःचा असेल तर पायांना वजन हवंच. पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार म्हणजे २० किलो, आणि तो कुठेही मिळतो. सकाळी सावलीत असलेली बाजू दुपारी उन्हात येते, तेव्हा जलरंग हलवायला जागा आधीच हेरून ठेवा. अलिझरिन क्रिमसनसारखे (गडद लाल) रंग उन्हाला फार कच्चे, लवकर उडतात. पांढरी चादर आडोशाला बरी. निळी ताडपत्री नको, तिच्या खाली सगळी चित्रं आजारी दिसतात.

किंमत लिहायला लाजू नका. "विचारतील तेव्हा सांगू" यात कसली आलीय प्रतिष्ठा? गर्दीत माणूस विचारायला थांबत नाही, पुढच्या स्टॉलवर जातो. प्रत्येक चित्रावर किंमत, आणि मागे पेन्सिलीने आपली शेवटची किंमत स्वतःला कळेल अशा खुणेत. म्हणजे दुपारी चार वाजता थकून भलतंच "हो" निघत नाही. मागेच नाव, माध्यम, वर्ष. गर्दीत नेटवर्क बसतं, तेव्हा क्यूआर दोन, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर, आणि गल्ल्यात शंभर-दोनशेच्या सुट्ट्या नोटा.

तिथे बसून पोर्ट्रेट काढणाऱ्याभोवती गर्दी होते, पण ती बघ्यांची असते. शिवाय तुमच्याच भिंतीपुढे पाठ करून उभी राहते. स्केच करायचंच तर स्टॉलच्या कडेला बसा.

आणि पाच वाजता आवराआवर सुरू करू नका. सकाळी चित्र पाहून गेलेला माणूस दिवसभर ते हातात वागवायला नको म्हणून परतीच्या वाटेवर घेतो. तो आला आणि भिंत निम्मी रिकामी दिसली, तर ते विकलं गेलं असं समजून न विचारताच निघून जातो. आधी मागचे गठ्ठे बांधा, भिंतीवरची चित्रं शेवटी उतरवा.