ओढ्याकाठचा डबा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चारपाच ओळींचीच आहे, पण चारपाच ओळींत उत्तर देता येईल अशी ती नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मागच्या लेखात मी सांगितलं होतं, की ओढ्याकाठच्या वाटेवर एका खडकाच्या कपारीत मला झाकण तडकलेला प्लास्टिकचा डबा दिसला. तो हरवलेला जिओकॅश निघाला. जिओकॅश, किंवा नुसता कॅश, म्हणजे जीपीएसच्या मदतीने शोधायच्या खेळात कुणीतरी लपवलेला डबा; शोधणारा त्यातल्या वहीत सही करतो आणि खेळाच्या साइटवर तशी नोंद करतो. पाच आठवड्यांनी मी तो तिथून उचलून घरी आणला. त्यावर तुम्ही लिहिलंत : 'दुसऱ्याची वस्तू उचलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आर्काइव्ह झालेला कॅश म्हणजे बेवारस कॅश नव्हे. एवढी कळकळ होती तर नवा डबा, नवी वही ठेवून यायचं होतं. तुम्ही एका माणसाचा खेळ मोडलात.'

तुमचं दुसरं वाक्य बरोबर आहे आणि तिथे माझी चूक झाली, हे आधी मान्य करते. मी या खेळाच्या सर्वांत मोठ्या साइटवर त्या कॅशची नोंद पाहिली, ती आर्काइव्ह झालेली, म्हणजे बंद केलेली दिसली आणि तेवढ्यावर पुढची पावलं टाकली. पण साइटचं काम फक्त नोंद ठेवण्याचं. डब्याचा मालक, म्हणजे खेळातला 'ओनर', तो लपवणाराच असतो, आणि एकच डबा दोन साइट्सवर नोंदवलेला असू शकतो. युरोपातल्या बऱ्याच देशांत याच खेळाच्या ओपनकॅशिंग नावाच्या स्वतंत्र साइट्स चालतात. तिकडे हाच डबा आजही जिवंत असता, तर मी खरोखरच कुणाचा तरी चालू खेळ मोडला असता. तुमची प्रतिक्रिया आल्यावर मी तिथे शोध घेतला. त्या जागेच्या आसपास काही निघालं नाही. पण हा शोध डबा उचलण्याआधी घ्यायला हवा होता.

आता बाकीचं. हा डबा हरवला कसा, ते सांगितल्याशिवाय माझा निर्णय कळणार नाही. नोंदीतल्या कोऑर्डिनेट्सपासून तो चाळीसेक मीटर खाली, ओढ्याच्या अंगाला होता. पुराच्या पाण्याने वाहत येऊन कपारीत अडकला असणार. नोंदीखालचे शेवटचे पाच लॉग, म्हणजे शोधणाऱ्यांचे शेरे, एकसारखे आहेत : सापडला नाही, सापडला नाही. मग नोंदी तपासणाऱ्या साइटच्या रिव्ह्यूअरने ओनरला देखभाल करायला सांगितलं, उत्तर आलं नाही, नोंद बंद झाली. म्हणजे डबा कुणी टाकून दिला नव्हता. तो गेलाच असं सगळ्यांनी धरलं होतं. ओनरलाही तसंच वाटलं असेल. म्हणून सापडल्या दिवशी मी काही उचललं नाही. फोटो काढले, आतलं काय काय आहे ते टिपून घेतलं, डबा आणखी वाहून जाऊ नये म्हणून पुढ्यात दोन दगड लावले आणि घरी येऊन ओनरला साइटवरून निरोप पाठवला. त्या खात्यावर कित्येक वर्षांत कुणी फिरकलेलं नाही, हे दिसत होतं. तरी पाच आठवडे वाट पाहिली.

नवा डबा का ठेवला नाही? ओनरला न विचारता हरवलेल्या कॅशच्या जागी आपला डबा ठेवणं, ज्याला खेळाडू थ्रोडाउन म्हणतात, ते मला पटत नाही. त्याची देखभाल कोण करणार? ओनर तर नाहीच, आणि ठेवणारा निघून गेलेला असतो. कॅश दत्तक घेता येतो, पण ओनरच्या संमतीनेच. शिवाय बंद नोंदीचा डबा शोधायला येणार कोण? आणखी एक गोष्ट मागच्या लेखात राहून गेली. नोंद बंद झाल्यावर ती जागा मोकळी झाली आणि दुसऱ्या कुणीतरी तिथून शंभरेक मीटरवर नवा कॅश लावला. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं हा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. जुना डबा मी नीट करून तिथेच ठेवला असता, तर नव्या कॅशच्या शोधात आलेल्याला तो आधी सापडला असता, त्याने चुकीच्या वहीत सही केली असती आणि नव्या ओनरच्या मागे नसता गोंधळ लागला असता.

आणि तसाच राहू दिला असता तर? ऊन खाऊन त्याचं प्लास्टिक इतकं ठिसूळ झालं होतं, की झाकणाची कड बोटाने दाबली तरी तुकडा पडत होता. एका कोपऱ्यावर कुठल्याशा प्राण्याच्या दातांच्या खुणा होत्या. पुढच्या पुरात तो फुटला असता आणि तुकडे ओढ्यात गेले असते. बेवारस डब्याचा दुसरा धोकाही खरा आहे. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात असाच एक छोटा कॅश कुणाला तरी संशयास्पद वाटला. बॉम्बनाशक पथक आलं आणि त्यांनी तो स्फोट करून उडवला. तो कॅश तर चालू होता, ओनर असलेला होता. ज्याला कुणी वालीच नाही अशा डब्याचा खुलासा कोण करणार?

पण तुमच्या रागाच्या मुळाशी मला वेगळी गोष्ट दिसते आणि ती माझ्याही जिव्हाळ्याची आहे. डब्यात माणसांच्या सह्या असतात. त्या पुसल्या जाऊ नयेत, असंच ना?

म्हणून वहीचं काय केलं ते सांगते. डब्यात तळाशी पाणी होतं आणि वही लगद्यासारखी फुगली होती. ओली पानं लगेच उलगडायला गेलं की फाटतात, आणि घरच्या उबेत तशीच ठेवली तर दोन दिवसांत बुरशी धरू लागते. म्हणून आधी ती पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली, म्हणजे बिघाड तिथेच थांबतो. मग एका सुट्टीच्या दिवशी बाहेर काढली, दर थोड्या पानांमध्ये कोरा शोषक कागद घातला, कागद ओले झाले की बदलले, वरून हलकं वजन ठेवलं. ऊन दाखवलं नाही, इस्त्री तर नाहीच. पंख्याच्या वाऱ्यावर नऊ दिवस लागले. जेल पेनने लिहिलेलं जवळजवळ सगळं निळ्या डागांत विरघळलं आहे. पेन्सिलीने लिहिलेलं मात्र शाबूत आहे, कारण ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही. एका पानावर लहान मुलाच्या अक्षरात नुसतं 'आम्ही पहिले!' एवढंच आहे. खाली तारीख २००९ची. ते पान सुकून सपाट झालं तेव्हा मी बराच वेळ हातात धरून बसले होते.

प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला आहे. फोटो मी इथे लावणार नाही. त्या सह्या डब्यापर्यंत चालत येणाऱ्यांनी एकमेकांसाठी केल्या होत्या.

डब्यात एक ट्रॅव्हल बगही होता, क्रमांक कोरलेली धातूची पट्टी. त्याचा ओनर वेगळा, आणि खेळाडूंनी तो एका कॅशमधून दुसऱ्या कॅशमध्ये नेत राहायचा असतो. तो कपाटात ठेवणं ही मात्र खरी चोरी ठरली असती. साइटवर तो 'हरवला' म्हणून नोंदलेला होता. क्रमांक टाकून मी तो सापडल्याचं कळवलं आणि एका चालू कॅशमध्ये ठेवून आले.

तुम्ही जुने खेळाडू आहात, म्हणून एक आठवण करून देते. ३ मे २००० रोजी, जीपीएसच्या नागरी सिग्नलमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, डेव्ह अल्मर यांनी अमेरिकेत ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली. या खेळाची ती सुरुवात. ती बादली आज तिथे नाही. तिच्या जागी स्मृतिफलक आहे, त्याची स्वतंत्र नावाने वेगळी नोंद आहे, आणि पहिल्या कॅशची नोंद आर्काइव्हमध्येच आहे. नवी बादली ठेवून 'हीच ती' असं कुणी म्हटलं नाही. त्याच वेळी त्या बादलीतला बीन्सचा डबा पुढे सापडला, तेव्हा तो गंजका म्हणून कुणी फेकलाही नाही. तो ट्रॅकेबल म्हणून, म्हणजे ट्रॅव्हल बगसारखी क्रमांकाने माग ठेवता येणारी वस्तू म्हणून, लोकांनी जपला. मी नेमकं हेच करू पाहत होते.

वही माझ्याकडे आहे, ती ओनरची आहे. फुटका डबा धुऊन ठेवला आहे, तोही अजून टाकलेला नाही. तुम्ही इतकी वर्षं खेळताय, तर हा कॅश आणखी कुठे नोंदवलेला तुमच्या पाहण्यात असेल किंवा ओनरपर्यंत पोचायचा दुसरा मार्ग ठाऊक असेल, तर कळवा. कॅशचा क्रमांक मागच्या लेखात आहे. ओनरने परत मागितलं तर मी वही घेऊन स्वतः जाईन, आणि त्यांना हवं असेल तर ती कपारही दाखवेन.