डावा बॅक कुठं गेला?

मी हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. माझ्या हाताखाली कुणी नाही. डोक्यावर मात्र बरेच आहेत. घरी पंखा तीनवरून चारवर नेला तरी दोन ठिकाणांहून हरकत येते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत भाचा कोल्हापूरहून प्लेस्टेशन घेऊन आला, सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या टीव्हीला जोडून फुटबॉलचा गेम लावला आणि "मामा, ही घ्या तुमची टीम, तुम्हीच मॅनेजर" म्हणाला, तेव्हा मला जो हर्ष झाला तो खेळाचा नव्हता. अकरा माणसं! सगळी जगप्रसिद्ध, सगळी तंदुरुस्त, आणि एकालाही उलट बोलायची सोय नाही.

भाच्याबद्दल आधी सांगायला हवं. तो शिवाजी पेठेतला. अंकलीचा पूल ओलांडून जयसिंगपूर मागं टाकलं की फुटबॉलचा मुलूख लागतो, आणि त्या मुलखातला दहावीचा पोरगाही या बाबतीत सांगलीकराची कीव करू शकतो. तिथं तालमींच्या नावानं टीम आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. लाल मातीतल्या लोकांनी फुटबॉलची टीम काढावी आणि तिच्यासाठी सगळ्या पेठेनं घसा बसवून घ्यावा, हे कोल्हापुरातच घडतं. अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, त्याचं नाव भाचा घरातल्या माणसासारखं घेतो. मी आपले विजय हजारे काढले. जन्म सांगलीचा, १९५२ साली भारतानं पहिली कसोटी जिंकली तेव्हाचे कर्णधार. ते पुरेना म्हणून स्मृती मानधना काढली. "ते क्रिकेट झालं मामा," एवढंच बोलून त्यानं गेममध्ये जर्मनीची बायर्न म्युनिक निवडली.

मी स्पेनची बार्सिलोना घेतली. तेव्हा तिच्यात मेस्सी होता म्हणून. दुसरं कारण नाही. भाच्यानं लगेच आठवण करून दिली, की १४ ऑगस्ट २०२० ला लिस्बनमध्ये याच बायर्ननं याच बार्सिलोनाला ८-२ असं लोळवलं होतं. पानिपतचं साल विचारलं तर हा छताकडं बघतो.

पहिल्या काही मॅचेस कशा गेल्या ते सोडा. त्यानंतर मला 'गेम प्लॅन' नावाचा मेनू सापडला.

गेम होता पीईएस २०२१, म्हणजे त्याचं नाव नुसतं ई-फुटबॉल व्हायच्या आधीचा शेवटचा. त्यात आक्रमणाच्या सूचनांचं एक अख्खं पान आहे. काउंटर अटॅक करणार की चेंडू पायात ठेवून पझेशन खेळणार? पास लांब की आखूड? कडेनं जायचं की मधून? माणसांनी आपापली जागा धरून ठेवायची की लवचिक राहायचं? इतक्या आदरानं मला आजवर कुणीही, काहीही विचारलेलं नाही. लग्नाच्या वेळीसुद्धा नाही. मी एकेका प्रश्नाला योग्य तो वेळ दिला. 'लवचिक' हा पर्याय मात्र तत्त्व म्हणून फेटाळला, कारण लवचिक माणसं पेढीवर साडेचारनंतर सापडत नाहीत.

मग खाली 'सपोर्ट रेंज' नावाची पट्टी होती. एक ते दहा. चेंडू ज्याच्याकडं आहे त्याच्या किती जवळ बाकीच्यांनी यावं, ते ठरवायची. माझा माणुसकीवर विश्वास असल्यानं मी एकवर आणली. मॅच सुरू झाली, मेस्सीला चेंडू मिळाला आणि सांगली स्टँडवर इचलकरंजीची गाडी लागल्यावर दाराशी जे होतं ते मेस्सीभोवती झालं. पास द्यायला माणसं भरपूर, जागा कुणालाच नाही. बायर्नच्या दोघांनी मिळून माझ्या पाचांना कोंडलं. मग मी रागानं पट्टी दहावर नेली. आता मेस्सी एकटा उभा आणि त्याच्या मदतीला येणारा इसम टीव्हीच्या चौकटीबाहेर. भाचा म्हणाला, "पाच-सहावर ठेवा की मामा, सगळे तिथंच ठेवतात." सगळे ठेवतात तिथंच ठेवायचं असेल तर मॅनेजर कशाला हवा? मी साडेपाच शोधत होतो. साडेपाच नसतंय.

पण खरा छळ मांडला तो डाव्या बॅकनं.

या पानाच्या मागं प्रगत सूचना असतात. आक्रमणासाठी दोन, बचावासाठी दोन. आक्रमणात 'अटॅकिंग फुलबॅक' असा एक पर्याय आहे. तो लावला की कडेचे बचावपटू हल्ल्यात सामील होतात. ऐकायला किती छान! डाव्या बाजूला माझा जॉर्डी आल्बा. मी पर्याय लावला आणि गडी असा सुटला की बघत राहावं. मधल्या रेषेच्या पलीकडं, कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत. क्रॉस मारला, तो बायर्नच्या गोलकीपरनं, नॉयरनं, हवेतच धरला. इथपर्यंत सगळं प्रेक्षणीय. नॉयरनं चेंडू लांब फेकला, त्यांच्याच ग्नाब्रीच्या पायात पडला, आणि ग्नाब्रीसमोर डावीकडं माझं अख्खं कुरण मोकळं. आल्बा तिकडून पळत येताना दिसत होता. प्रामाणिक माणूस, पळत होता. पण नव्वद मीटर.

"मामा, डावा बॅक कुठं गेला?"

हा प्रश्न भाच्यानं त्या दिवाळीत इतक्या वेळा विचारला, की फराळाला आलेल्या शेजाऱ्यांनाही पाठ झाला. पलीकडचे काका गेटमधूनच विचारायचे, "काय, आला का डावा बॅक?"

याला उपाय म्हणून मी मध्येच मॅच थांबवायला लागलो. आल्बा पुढं निघाला की पॉज. मेनूत जा, मधल्या फळीतल्या बुस्केट्सला जागेवर बांधून ठेव, परत या. 'अँकरिंग' म्हणतात त्याला; बांधलेला माणूस हल्ल्यातही आपली जागा सोडत नाही. कल्पना चांगली होती, पण परत आल्यावर चेंडू कुणाच्या पायात होता हेच आठवायचं नाही. भाचा कावला. "मामा, शाहू स्टेडियमवर पॉज नसतंय." मी म्हणालो, तिथं मॅनेजर कडेला उभा राहून ओरडू शकतो, मला ओरडायची सोय दे, मी पॉज सोडतो. ओरडायची सोय आहे का हे तपासायला मी एकदा ओरडलोही. आल्बानं लक्ष दिलं नाही. आतून बायको मात्र आली.

रात्री सगळे झोपल्यावर मी अभ्यासाला बसायचो. पडद्यावर हिरवं मैदान, त्यावर अकरा गोल, आणि प्रत्येकाशेजारी छोटा बाण. बाण वर असला तर गडी फॉर्मात, खाली असला तर त्या दिवशी त्याच्याकडून आशा ठेवू नये. पाणी प्यायला उठलेल्या बायकोनं थोडा वेळ निरखून बघितलं.

"अहो, ह्याचा बाण खाली का?"

"मेस्सीचा. त्याचा आज मूड नाही."

"विचारलं का त्याला काय झालंय?" म्हणाली आणि झोपायला गेली. हळदीच्या हिशेबाचे कागद मी असे रात्री उघडून बसल्याचं तिनं कधी पाहिलेलं नाही, हे ती बोलली नाही, पण चालण्यात होतं.

त्याच रात्री मला फॉल्स नाइनचा साक्षात्कार झाला. २ मे २००९ ला माद्रिदमध्ये, रेआल माद्रिदच्या घरच्या मैदानावर, बार्सिलोनाचा तेव्हाचा मॅनेजर पेप ग्वार्डिओलानं मेस्सीला उजव्या कडेवरून काढून मधोमध आणलं. आणला सेंटर फॉरवर्डच्या जागी, पण तिथं तो थांबलाच नाही. मागं उतरून चेंडू घ्यायला लागला. यालाच फॉल्स नाइन म्हणतात. रेआलच्या मधल्या बचावपटूंपुढं पेच पडला. मागं जावं तर आपली जागा रिकामी, न जावं तर मेस्सी मोकळा. बार्सिलोना ६-२ नं जिंकली. सहावा गोल पिकेनं मारला, जो स्वतः सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू. आणि माझ्या यादीत तर पिकेही होता! मी मेनूत जाऊन फॉल्स नाइन लावलं. दुसरी सूचना लावायची जागा शिल्लक होती, तिथं 'हग द टचलाइन' लावली, म्हणजे दोन्ही विंगर, कडेचे हल्लेखोर, रेषेला चिकटून राहतात आणि मैदान रुंद होतं.

सकाळी मॅच. मेस्सी ठरल्याप्रमाणं मागं आला. त्याच्यामागं बायर्नचा बचावपटूही ठरल्याप्रमाणं ओढला गेला. समोर भोक पडलं, २००९ मध्ये पडलं होतं तसंच, गोलपर्यंत सरळ वाट. त्यात पळायला कुणी नाही. डावा विंगर डाव्या रेषेला, उजवा उजव्या रेषेला, दोघंही निष्ठेनं चिकटलेले. मधे मेस्सी चेंडू घेऊन उभा.

"त्या मॅचला कडेनं ऑन्री आणि एटो आत घुसत होते मामा," भाचा म्हणाला. "तुम्ही तर दोघांनाही बाहेर बांधून ठेवलंय." यावर माझं म्हणणं आजही कायम आहे. दोन्ही सूचना स्वतंत्रपणे उत्तम होत्या. त्यांचं एकमेकींशी पटलं नाही, त्याला मॅनेजर काय करणार?

आता अण्णांकडं येतो. आमचे वडील पूर्वी कबड्डी खेळायचे आणि कबड्डी खेळलेल्या माणसाला कुठल्याही मैदानातलं सगळं कळतं. दिवाणावर लोळत, भडंग खात ते बघत असत. पहिले दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्यो मागचा कोण? हिरव्या शर्टातला?"

"गोलकीपर, अण्णा."

"मोकळाच हुबा हाय की रं मगापासनं. त्येला घाल फुडं."

मी समजावलं. तो गेला तर गोल उघडा पडतो. अण्णांनी भडंगातला शेंगदाणा वेचून खाल्ला. "सगळ्यास्नी फुडं घालायचं. फुडं गर्दी झाली की गोल हुतोयच."

हे मात्र मला इतिहासानं खोडून काढता आलं. ३० नोव्हेंबर १८७२ ला ग्लासगोजवळ इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची पहिली आंतरराष्ट्रीय मॅच झाली. तेव्हा मागं राहणं फारसं कुणाला पसंतच नव्हतं. इंग्लंडचे सात-आठ फॉरवर्ड, स्कॉटलंडचे सहा. म्हणजे गोल मारायला निघालेली तेरा-चौदा माणसं एका मैदानात, आणि स्कोर ०-०. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा मला वाटलं विषय संपला.

अण्णा म्हणाले, "गोलकीपर घातला हुता का फुडं?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आणि इथं भाच्यानं घात केला. त्याला राहवलं नाही, म्हणाला, "पण आजोबा, १९९९ च्या फायनलला घातला होता!" खरंच होतं ते. बार्सिलोनाच्या मैदानात चॅम्पियन्स लीगची फायनल, बायर्न १-० नं पुढं, नव्वद मिनिटं संपलेली. मँचेस्टर युनायटेडला कॉर्नर मिळाला आणि त्यांचा गोलकीपर श्मायकेल आपला गोल सोडून तडक पुढं आला. त्या धांदलीत शेरिंगहॅमनं बरोबरी केली, आणि लगोलग दुसऱ्या कॉर्नरवर सोल्स्कयारनं मॅचच काढली. बोलून झाल्यावर भाच्याच्या लक्षात आलं की हरलेली टीम त्याचीच, बायर्न. तो गप्प झाला. अण्णांनी उशी सारखी केली आणि मला म्हणाले, "शिकलेली माणसं तुम्ही."

शेवटी मी जिंकलो ते कसं, हे सांगायला मला थोडा संकोच वाटतो, कारण भाच्याच्या मते ते आक्रमणात मोडत नाही. बचावाच्या प्रगत सूचनांमध्ये 'काउंटर टार्गेट' नावाची एक सवलत आहे. ज्याला ती द्याल त्यानं बचावाला मागं यायचंच नाही. चेंडू आपल्याकडं येईल तेव्हा येईल, तोवर पुढंच थांबायचं. पगारी सुट्टीच. मी ती माझ्या विंगरला, डेंबेलेला दिली. बाकी नऊ मागं, आल्बाला तर सक्त ताकीद, आणि लांब पास. ऐंशी मिनिटं बायर्ननं माझ्या गोलसमोर मुक्काम ठोकला. चेंडू खांबाला लागला, पिकेच्या गुडघ्याला लागला, एकदा तर नुसताच सुचलं तिकडं गेला. आणि मग अल्फोन्सो डेव्हिस पुढं आला. भाच्याचा डावा बॅक. वाऱ्यासारखा पळतो, माझ्या पेनल्टी बॉक्सपर्यंत आला. पिकेनं चेंडू हाणला, आंधळाच हाणला, आणि तो पडला डेव्हिस जिथून निघाला होता तिथं. डेंबेले तिथंच होता. दुसरं कामच नव्हतं त्याला.

१-० झाल्यावर मी भाच्याकडं वळलो आणि अत्यंत सौम्य आवाजात विचारलं, "डावा बॅक कुठं गेला?"

"हे काय आक्रमण न्हवं मामा," तो म्हणाला. "एक गोल मारला म्हणजे आक्रमण होत नसतंय." मग उरलेली मिनिटं काढायच्या आधी त्यानं मॅच थांबवली आणि आपल्या गेम प्लॅनमध्ये शिरला. मला ते बघून जे समाधान मिळालं तसं ऐन हंगामात हिशेब जुळल्यावरही मिळालेलं नाही. मी त्याला हवा तितका वेळ दिला. चिवड्याची वाटीही दिली.

भाऊबीजेला ताई आली आणि दुसऱ्या दिवशी भाचा आणि प्लेस्टेशन दोघांनाही घेऊन गेली. माझी टीम त्या मशीनमध्येच राहिली. चारेक दिवसांनी मोबाईलवर भाच्याचा मेसेज: "मामा, तुमची बार्सिलोना जशीच्या तशी ठेवलीय. फक्त डेंबेलेचं काउंटर टार्गेट काढलं आणि आल्बाला पुढं सोडला. बघायला मजा येते."

मी पेढीवरूनच फोन लावला. समोर शेतकरी हळदीच्या हिशेबपट्टीसाठी ताटकळत होता, पण हे महत्त्वाचं होतं. फोन ताईनं उचलला. मी म्हणालो, त्याला सांग, आल्बाला आधी मागं घे. ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, त्याचं दहावीचं वर्ष आहे. आणि तुझं वय काय?"

मी म्हटलं, बरं, निदान सपोर्ट रेंजला तरी हात लावू नकोस म्हणावं.